कडूदवण्याची वाइन

मुलगी इटलीतल्या तुरिनला शिकायला होती त्या वर्षी माझा चैत्र परदेशातच गेला. एप्रिलमधले तीन आठवडे मी तिच्या दोन खोल्यांच्या घरात राहिले आणि संध्याकाळी ती परतली की आम्ही दोघी शहराच्या लांबच लांब कमानींखालून फिरायला निघत असू. तुरिनमध्ये अशा छत असलेल्या कमानींच्या वाटा सुमारे १८ किलोमीटर आहेत. पाऊस असो वा ऊन, छत्री न उघडता माणूस अर्धे शहर पालथे घालू शकतो. अशाच एका संध्याकाळी कमानीखालच्या एका कॅफेत मुलीने माझ्यासाठी काहीतरी मागवले. जाड बुडाच्या बुटक्या पेल्यात काकवीसारखा तांबूस द्रव, बर्फाचा एक खडा, संत्र्याची चकती, आणि शेजारी बशीत ऑलिव्ह व खारे शेंगदाणे असा सगळा थाट होता. मी पेला तोंडापाशी नेला आणि घोट घेण्याआधीच थांबले, कारण तो वास मला कुठेतरी भेटलेला होता.

चैत्री पौर्णिमेला माझे आजोबा ज्योतिबाच्या डोंगरावरून गुलालाने माखलेले परत येत, तेव्हा त्यांच्या पिशवीत दवण्याची जुडी असे. राखी-हिरव्या, झिरझिरीत पानांची ती जुडी आधी देवासमोर ठेवली जाई, मग तिच्यातल्या दोन काड्या आजीच्या अंबाड्यात जात आणि उरलेला दवणा सुकवून लुगड्यांच्या ट्रंकेत ठेवला जाई. तुरिनच्या त्या पेल्यातला वास नेमका तसा नव्हता. दवण्याच्या वासात पिकल्या फळाचा गोडवा असतो, आणि या वासाला धार होती. पण दोघांचा चेहरामोहरा एकाच घराण्यातला होता, जसा लग्नात पहिल्यांदाच भेटलेला लांबचा चुलतभाऊ नाकावरून ओळखू यावा. घोट घेतला तेव्हा आधी गोड लागले, मग लवंग, दालचिनी, संत्र्याची साल अशी ओळखीची मंडळी येऊन गेली आणि गिळून झाल्यावर, सगळे उरकले असे वाटत असतानाच, जिभेच्या मागच्या बाजूने कडवटपणा सावकाश वर आला. मुलगी माझ्याकडे पाहत होती. मी म्हणाले, “हा तर काढा आहे.” ती म्हणाली, “काढाच आहे, आई. फक्त वाइनमधला.”

त्या पेयाचे नाव व्हर्मूथ. त्याविषयी मी नंतर बरेच वाचले, आणि वाचताना मला पहिला धक्का बसला तो नावानेच. जर्मन भाषेत ‘वेर्मुट’ म्हणजे आर्टेमिसिया ॲब्सिंथियम ही कडू, रुपेरी पानांची वनस्पती. तिच्या पाना-फुलांनी सुवासित केलेल्या वाइनला जर्मन मुलखात पूर्वीपासून वेर्मुटची वाइन म्हणत. तुरिनच्या दरबारात फ्रेंचचे वजन होते, म्हणून तिथे हाच शब्द फ्रेंच वळणाने लिहिला गेला आणि त्याच लिखाणाने जगभर गेला. इंग्रजीत या झाडाला ‘वर्मवुड’ म्हणतात. त्यातला ‘वर्म’ जंतांशी जोडावासा वाटतो आणि हे झाड जंतांवर दिलेही जात असे, पण तो लोकांनी नंतर बसवलेला अर्थ आहे. मूळ जुना शब्द ‘वेर्मोड’ हा जर्मन शब्दाचाच सख्खा भाऊ.

दुसरा धक्का अधिक गोड होता. बायबलच्या शेवटच्या भागात आकाशातून पडणाऱ्या एका ताऱ्याचा उल्लेख आहे. तो पडला आणि पाण्याचा तिसरा हिस्सा कडू झाला. इंग्रजी बायबलमध्ये त्या ताऱ्याचे नाव वर्मवुड आहे, आणि मराठी भाषांतरात ते ‘कडूदवणा’ असे आले आहे. ज्या कोणाला हा शब्द सुचला असेल, त्याने झाडांच्या बाबतीत अगदी बरोबर नेम साधला होता. आपला दवणा म्हणजे आर्टेमिसिया पॅलेन्स. तो आणि युरोपातला वेर्मुट एकाच प्रजातीसमूहातले, म्हणजे खरोखरचे चुलतभाऊ आहेत. तुरिनच्या कॅफेत माझ्या नाकाने ओळखलेले नाते वनस्पतिशास्त्राच्या वहीतही होते, याचा मला जो आनंद झाला, तो सांगितला तर कोणी हसेल म्हणून मी तो बरेच दिवस कोणाला सांगितला नाही.

हे घराणेच मोठे विलक्षण आहे. जुन्या मराठी घरांत पोरांच्या जंतांवर जो किरमाणी ओवा देत, तो नावाने ओवा असला तरी ओव्याचा कोणी नव्हे, तोही आर्टेमिसियाच. युनानी हकीम ज्याला अफसंतीन म्हणतात, तो तर प्रत्यक्ष तुरिनचाच वेर्मुट, आणि तो काश्मीरच्या डोंगरांत आपोआप उगवतो. चीनच्या तू यूयू यांनी याच घराण्यातल्या आर्टेमिसिया ॲन्युआपासून मलेरियावरचे औषध वेगळे काढले आणि २०१५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. फ्रान्स-स्वित्झर्लंडमध्ये वेर्मुटच्याच अर्कातून ॲब्सिंथ नावाची जहाल, हिरवट दारू निघाली. ती वेड लावते असे म्हणून स्वित्झर्लंडने १९१० मध्ये आणि फ्रान्सने १९१५ मध्ये तिच्यावर बंदी आणली. गंमत अशी की झाड एकच असूनही व्हर्मूथकडे कोणी बोट दाखवले नाही. कारण सरळ आहे. ॲब्सिंथ ही ऊर्ध्वपातनाने काढलेली जळजळीत दारू होती, आणि तिची बदनामी झाली त्यात झाडापेक्षा तिच्यातल्या मद्यार्काचा वाटा मोठा होता. व्हर्मूथमध्ये तेच झाड वाइनमध्ये चवीपुरते उतरलेले असते.

कडू पाला वाइनमध्ये बुडवावा हे पहिल्यांदा कोणाला सुचले, हा प्रश्न मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही, कारण तो अनेकांना अनेकदा सुचला असणार. वाइन आंबू लागली की तिचा दोष झाकायला मसाला हवा, आणि औषधी पाल्याचा अर्क उतरवून टिकवायला मद्य हवे. दोन्ही गरजा जिथे एका घरात होत्या, तिथे हे लग्न लागलेच असणार. पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीझ या कडू झाडाच्या वाइनविषयी लिहितो, त्याच काळातला रोमन लेखक प्लिनीही लिहितो. अपिकियसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोमन पाकसंग्रहात मसाल्याच्या वाइनची एक कृती आहे, तिच्यात मध, मिरी, मस्तकी, केशर आणि भाजलेल्या खजुराच्या बिया पडतात. त्यातली मिरी आपल्या मलबारची. प्लिनी या मिरीवर वैतागलेलाच होता. नुसत्या तिखटपणासाठी माणसे थेट हिंदुस्थानपर्यंत जातात आणि हा जिन्नस सोन्याचांदीसारखा तोलून विकत घेतात, याचे त्याला नवल वाटे, आणि हिंदुस्थानच्या व्यापारात दरसाल पाच कोटी सेस्टर्स रोमच्या हातून जातात असा त्याचा हिशेब होता. मध्ययुगात अशा मसालेदार वाइनला ‘हिपोक्रास’ म्हणू लागले. हे नाव हिपोक्रेटिस या वैद्याच्या कृतीवरून पडले असे ऐकायला बरे वाटते. प्रत्यक्षात वाइन गाळायच्या निमुळत्या कापडी पिशवीला ‘हिपोक्रेटिसची बाही’ म्हणत, त्या गाळणीवरून ते आले. काढ्याच्या इतिहासात गाळण्याला मान मिळालेला पाहून ज्या बाईने आयुष्यभर काढे गाळले, तिला समाधान वाटल्याशिवाय राहत नाही.

तेव्हा १७८६ मध्ये तुरिनमध्ये व्हर्मूथचा ‘शोध लागला’ असे जे सर्रास छापले जाते, ते मला पटत नाही. त्या वर्षी जे घडले ते वेगळे होते, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचे होते.

अँतोनियो बेनेदेत्तो कार्पानो हा बिएल्ला भागातल्या खेड्यातून आलेला तरुण तुरिनमधल्या पियात्सा कास्तेल्लो या राजवाड्यासमोरच्या चौकातल्या एका दुकानात काम करत होता. तेव्हा त्याचे वय बाविशीच्या आसपास होते. तिथे त्याने गोडसर, सुवासिक मोस्कातो द्राक्षांच्या वाइनमध्ये कडूदवणा आणि इतर मुळ्या, साली, मसाले उतरवून एक पेय तयार केले, ते राजवाड्यात राजा व्हित्तोरिओ आमेदेओ तिसरा याच्याकडे पोहोचले आणि तिथून त्याचे नाव झाले. कार्पानोला जर्मन कवी ग्योथे फार आवडे म्हणून त्याने जर्मन नाव दिले, अशी एक कथा तुरिनमध्ये आवडीने सांगतात. मला ती कथा आवडते, पण तिच्यावर माझा विश्वास नाही. जर्मन मुलखात ते नाव आणि ती वाइन आधीच होती, मग नाव आयात करायला कवितेची काय गरज?

खरा प्रश्न असा आहे की हे तुरिनमध्येच का व्हावे. नकाशा समोर ठेवला की उत्तराचा बराचसा भाग दिसतो. शहराच्या पाठीशी आल्प्स पर्वत आहे, आणि त्याच्या उतारांवर कडूदवणा, जेन्शन, यॅरो असा कडू पाला रानोमाळ वाढतो. दक्षिणेला, पो नदीच्या काठी, पान्कालिएरी नावाचे गाव पुदिना आणि औषधी वनस्पतींच्या शेतीसाठी आजही प्रसिद्ध आहे. पूर्वेकडे कानेल्लीच्या टेकड्यांवर मोस्कातोचे मळे आहेत. समुद्रमार्गे आलेली वेलची, लवंग, दालचिनी, जायफळ जिनोव्हाच्या बंदरातून वर येत. आणि या सगळ्याच्या मध्ये तिथल्या सव्हॉय राजघराण्याचा दरबार होता, ज्याला गोड आणि सुगंधी गोष्टींची चटक होती. तुरिनमध्ये मिठाई करणारे आणि ऊर्ध्वपातन करणारे यांचा एकच संघ होता, ही गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत बोलकी वाटते. साखरेचा पाक आणि कडू अर्क, हलवाई आणि अर्क काढणारा, हे एका छताखाली, एकमेकांच्या पातेल्यात डोकावत काम करत होते. १७५७ मध्ये चिंझानो घराण्यातल्या दोन भावांनी याच धंद्यात पाऊल टाकले होते. वैद्याच्या हातात जो कडू पाला औषध राहिला असता, तो हलवायाच्या हातात पडला आणि त्याचे पेय झाले. कार्पानोने केले ते एवढेच, पण ते थोडे नव्हे: त्याने काढा औषधाच्या कपाटातून काढून चौकातल्या टेबलावर आणून ठेवला.

हे पेय करतात कसे, हे मी एका छोट्या कारखान्यात जाऊन पाहिले. आत शिरल्यावर काष्ठौषधींच्या दुकानात शिरल्यासारखे वाटले. गोणपाटांत वाळलेल्या साली, मुळ्या, फुले होती. संत्र्याची कडू साल, सिंकोनाची साल, अँजेलिकाचे मूळ, कॅमोमाइलची फुले, धने, वेलची. काही मी वासावरून ओळखली, काही मला ओळखता आली नाहीत आणि दाखवणाऱ्या गृहस्थांनी हसून विषय बदलला, कारण प्रत्येक घराण्याची नेमकी यादी ही गुप्त गोष्ट असते. हा सगळा ऐवज मद्यार्क आणि पाण्याच्या मिश्रणात भिजत घालतात, काही दिवसांनी तो अर्क गाळून वाइनमध्ये मिसळतात, साखर घालतात, थोडा मद्यार्क वाढवतात, मग मिश्रण मुरू देतात, थंड करून गाळतात. आणखी एक गोष्ट मला माहीत नव्हती: लाल व्हर्मूथसुद्धा बहुधा पांढऱ्या वाइनपासूनच करतात. त्याचा तांबूस रंग द्राक्षाचा नसून जळवलेल्या साखरेचा, म्हणजे कॅरॅमलचा असतो. पहिल्या दिवशी मला काकवी आठवली, ती अगदीच उगाच नव्हती.

युरोपीय कायद्याने या पेयाची व्याख्या बांधली आहे. त्यात किमान ७५ टक्के वाइन असावी, मद्यार्क १४.५ ते २२ टक्क्यांच्या दरम्यान असावा, आणि आर्टेमिसियाचा स्वाद असलाच पाहिजे. तो नसेल तर बाकी कितीही मसाले घाला, बाटलीवर व्हर्मूथ लिहिता येणार नाही. साखरेवरून त्याच्या जाती ठरतात. लिटरमागे ३० ग्रॅमपेक्षा कमी साखर असलेला ‘एक्स्ट्रा ड्राय’, आणि १३० ग्रॅम किंवा अधिक असलेला गोड. तुरिनच्या नावाने विकल्या जाणाऱ्या व्हर्मूथला आता भौगोलिक ओळखीचे संरक्षण आहे आणि त्यातला कडूदवणा पीडमाँट या तुरिनच्याच प्रांतातला हवा. देवगडच्या आंब्यासाठी भांडणाऱ्या माणसांना ही अट समजावून सांगावी लागणार नाही.

गोड आणि कडूचा हा हिशेब तुरिनकरांच्या बोलण्यातही उतरला आहे. तिथल्या एका प्रसिद्ध व्हर्मूथचे नाव ‘पुंत ए मेस’ आहे. स्थानिक बोलीत त्याचा अर्थ दीड अंश. १८७० मध्ये शेअर बाजारातला एक दलाल कार्पानोच्या दुकानात आला, त्या दिवशी भाव दीड अंशाने हलले होते, आणि गप्पांच्या नादात त्याने आपले पेयही ‘दीड’च मागितले, अशी गोष्ट सांगतात. एक भाग गोड, अर्धा भाग कडू. गोष्ट खरी असो वा नसो, प्रमाण मात्र मला योग्य वाटते.

फ्रान्समध्ये हेच पेय दुसऱ्या स्वभावाचे झाले. जोसेफ न्वायी या लिऑनच्या व्यापाऱ्याने १८१३ मध्ये फिकट, कमी गोड व्हर्मूथची कृती बसवली. पुढे त्या घराण्याचा कारखाना भूमध्य समुद्राकाठच्या मार्सेयाँ या गावी आला, आणि तिथे आजही वाइनची लाकडी पिंपे उघड्या आवारात, ऊन, वारा, पाऊस आणि खारी हवा खात वर्षभर ठेवतात. एरवी वाइनवाले उन्हाला शत्रू मानतात आणि तळघरे खणतात. यांचे म्हणणे असे की पूर्वी पिंपे जहाजाच्या डेकवरून जात, तेव्हा वाटेत उन्हाने आणि समुद्राने वाइनला जी चव येई तीच गिऱ्हाइकांना आवडू लागली, मग प्रवास न करताच तो प्रवास घडवायचा. आपल्याकडे लोणच्याची बरणी गच्चीवर उन्हात ठेवणाऱ्या बायकांना यात काहीच वेडेपणा दिसणार नाही. शांबेरी या आल्प्समधल्या गावातही १८२१ पासून नाजूक, फिकट व्हर्मूथ होतो. तो मी चाखलेला नाही, म्हणून त्याविषयी अधिक बोलत नाही. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हर्मूथ कॉकटेलमध्ये गेला, तिथे मॅनहॅटन आणि मार्टिनी झाली, आणि पुढे मार्टिनीत तो जितका कमी तितकी ऐट जास्त, अशी फॅशन आली. ज्या पेयाला स्वतःची इतकी मोठी गोष्ट आहे, ते थेंबभर घालून मिरवणाऱ्यांविषयी मला फारसे प्रेम नाही.

तुरिनच्या लोकांनी मला एक गोष्ट वारंवार सांगितली, की व्हर्मूथ जेवणाआधी घ्यायचा असतो. तो भूक उघडतो. हे ऐकताना मला चरकसंहितेतले एक वाक्य आठवे. सहा रसांचे गुण सांगताना चरक कडू रसाविषयी, ज्याला संस्कृतात तिक्त म्हणतात, लिहितो: ‘तिक्तो रसः स्वयमरोचिष्णुरप्यरोचकघ्नः’. कडू रस स्वतः रुचकर नसतो, पण अरुची घालवतो. पुढच्याच शब्दांत तो कृमिनाशक आहे असेही म्हटले आहे, म्हणजे किरमाणी ओवाही तिथे हजर आहे. जेवणाआधीच्या पेयाची याहून नेटकी व्याख्या मला युरोपातल्या कोणत्याही माहितीपत्रकात सापडली नाही. आपण पाडव्याला कडुलिंबाची कोवळी पाने गूळ, चिंच, जिरे, हिंग घालून वाटतो आणि वर्षाचा पहिला घास म्हणून खातो, तेव्हा आपणही गोडाच्या हाताने कडू आत घेतो. तोही चैत्रच, आणि दवण्याचा महिनाही तोच.

शिवाय द्राक्ष आणि मसाला यांची गाठ आपल्याकडेही बांधलेली होती. ज्योतिबाला जाणारे माझे आजोबा माळकरी. दारूचे नाव निघाले तरी उठून जात. रोज जेवणानंतर ते चार चमचे द्राक्षासव, तितकेच पाणी घालून, औषधाच्या टोपणाने मोजून घेत. त्यात मनुका, गूळ आणि मध यांच्याबरोबर दालचिनी, वेलची, तमालपत्र, नागकेशर, पिंपळी असे जिन्नस पडतात, धायटीची फुले घालून ते सगळे आंबवतात, आणि त्या आंबण्यातून त्यात मद्यार्क तयार होतो. बाटलीवर तसे बारीक अक्षरांत छापलेलेही असते. आमचा एक काका, जो कॉलेजात असताना सगळ्याच गोष्टींचा शोध घेत होता, त्याने एकदा ते लेबल आजोबांना मोठ्याने वाचून दाखवले. आजोबांनी शांतपणे टोपण तोंडाला लावले, तोंड पुसले आणि म्हणाले, “दारू आवडते म्हणून पितात. हे कुठे मला आवडतं?” काकाकडे त्याला उत्तर नव्हते, आणि आज विचार करते तर माझ्याकडेही नाही.

चरकाने आसवांची ८४ मूळद्रव्ये मोजली आहेत, तेव्हा हे ज्ञान आपल्याकडे कमी होते असे कोणी म्हणू शकत नाही. तरी आपले आसव औषधाच्या कपाटातच राहिले. त्याचे एक कारण कृतीत आहे: आसवात पाला आणि द्राक्ष एकत्र आंबतात, चव जी येईल ती येईल, व्हर्मूथमध्ये वाइन आधी तयार असते आणि पाल्याचा अर्क नंतर चाखत चाखत, तोलून घालतात. पण मोठे कारण आजोबांच्या उत्तरात आहे. आपल्याकडे आवडणे आणि औषध असणे यांच्यामध्ये एक रेघ आखलेली होती, आणि ती कायद्यातही उतरली. मुंबई राज्याने १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा केला, तेव्हा त्यातली दारूची व्याख्या इतकी व्यापक होती की मद्यार्क असलेली औषधे आणि सुगंधी द्रव्येही तिच्यात सापडली. एफ. एन. बलसारा यांनी कायद्याला आव्हान दिले, आणि १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने औषधे व प्रसाधने यांच्यापुरती बंदी रद्द केली. आजोबांच्या टोपणाला असे थेट घटनेचे अभय मिळाले, याची त्यांना कधी कल्पना असेल असे वाटत नाही. मात्र त्या निर्णयाने रेघ पुसली नाही, उलट ठळक केली. मद्यार्क एकच, औषध म्हणून घेतला तर हक्क, गंमत म्हणून घेतला तर गुन्हा. तुरिनच्या चौकात ही रेघ कार्पानोच्या आधीच पुसट झाली असावी, नाहीतर हलवाई आणि अर्कवाला एका संघात बसले नसते.

पुढच्या चैत्रात मी पुण्यात होते. मंडईत एका बाईकडे दवण्याच्या जुड्या दिसल्या आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. नाशिकच्या पांढऱ्या वाइनची एक बाटली आणली, तिच्यात दवण्याच्या चार काड्या, संत्र्याची साल, दालचिनीचा तुकडा, दोन वेलच्या आणि किंचित काडेचिराईत घातले. कडूदवणा जवळ नव्हता आणि नुसत्या दवण्याला पुरेसा कडवटपणा नाही, म्हणून काडेचिराईताची नेमणूक झाली. रात्रभर भिजवून सकाळी चाखले तर तोंड वाकडे झाले. काडेचिराईताने बाकीच्या सगळ्यांना घराबाहेर काढले होते. पुन्हा दुसरी बाटली आणली. या वेळी काडेचिराईत फक्त तासभर ठेवून काढले, दवणा रात्रभर राहू दिला, आणि साखर जाळून, तिचा गडद पाक करून घातला. रंग आला, वास आला, गोड आले, आणि अगदी शेवटी, जसे तुरिनमध्ये आले होते तसे, कडूही आले. कायद्याच्या व्याख्येत हे व्हर्मूथ बसत नाही, याची मला जाणीव आहे, कारण मद्यार्क कमी आहे. आर्टेमिसिया मात्र आहे, आणि तो ज्योतिबाच्या मानाचा आहे.

संध्याकाळी जेवायला बसण्याआधी एवढेसे पेय कशात घ्यावे असा प्रश्न पडला. घरातले पेले मोठे होते, त्यामुळे आईच्या द्राक्षासवाच्या बाटलीचे टोपण धुऊन घेतले आणि त्यानेच मोजून दोन वाट्यांत ओतले. आईचे वय ८३, पण नाक अजून शाबूत आहे. तिने वाटी हातात घेतली, वास घेतला आणि म्हणाली, “दवणा.” मग एक घोट घेऊन बराच वेळ गप्प बसली. मला वाटले, आवडले नाही. तिने पानाकडे पाहिले, अजून आमटी वाढायची होती, भात झाकलेला होता.

“अगं पण जेवणाआधी कसं देतेस?” ती म्हणाली. “आसव जेवणानंतर घेतात.”

मी तिला सांगितले की हे आधीच घ्यायचे असते, भूक लागावी म्हणून. तिने माझ्याकडे संशयाने पाहिले, वाटीत उरलेले संपवले, आणि टोपण माझ्यापुढे सरकवत म्हणाली, “मग आणखी एक घाल. अजून लागली नाही.”